बुधवारचे श्वास सर

श्वास सरांना काही विचारलं की उत्तर येईपर्यंत माणसाचा अर्धा चहा संपायचा. "सर, परतीची जीप कितीला आहे?" एवढ्या साध्या प्रश्नालाही ते आधी श्वास घेत, तो सावकाश सोडत आणि मग म्हणत, "माहीत नाही." मला या माणसाचा पहिल्या दिवसापासून राग यायचा. माझं लोहाऱ्याला मेडिकलचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाईक समोर आलं की अर्ध्या मिनिटात गोळी हातात ठेवावी लागते.

त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. ते मूळचे वाशीकडचे, पस्तिशीच्या आतबाहेरचे. लहानपणापासून वडिलांबरोबर बुद्धविहारात ध्यानाला बसलेले आणि पुढं मानसशास्त्र शिकलेले. एका संस्थेनं त्यांना समुपदेशक म्हणून नेमलं होतं, आणि दर बुधवारी ते आमच्या सास्तूरला यायचे. वयस्कर माणसांना समोर बसवून श्वास बघायला सांगायचे, म्हणून श्वास सर. "श्वास काय बघायचा? त्यो काय शिनेमा हाय व्हय?" असं आमचे शेजारी म्हणत. हा माणूस धर्म बदलायला आलाय, अशीही कुजबुज व्हायची. माझ्या आईनं मात्र त्यांना तोंडावरच विचारलं होतं, "सर, म्या आपलं देवीचं नाव घेतलं तर चालंल का?" सर नेहमीप्रमाणं थांबले. मग म्हणाले, "घ्या की मावशी. फक्त आधी श्वास आत चाललाय का बाहेर, तेवढं बघा. देवी काय कुठं जात नाही."

आईला त्यांच्याकडं नेलं मीच, पण नाइलाजानं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. भाकरी तव्यावर टाकताना अंदाज चुकायचा आणि बोटं भाजायची. ऑपरेशन वीस मिनिटांचं, पण आई बंद खोलीत जायलाच तयार नव्हती. त्र्याण्णवच्या भूकंपात ती सहा तास ढिगाऱ्याखाली होती. माझी धाकटी बहीण सुमी तिच्याजवळच गेली. मी वडिलांबरोबर रानात झोपायला गेलो होतो म्हणून वाचलो. नव्या घराला सरकारनं चांगलं दार दिलं, पण तीस वर्षांत आईनं ते लावू दिलं नाही. दोनदा आम्ही ऑपरेशनच्या खोलीपर्यंत गेलो आणि दोनदा ती नर्सचा हात झटकून परत आली. आणखी वर्षभर असंच गेलं असतं तर ती पुरती आंधळी झाली असती.

आणि सरांनी पहिल्याच दिवशी घोळ घातला. समाजमंदिरात सात-आठ जणींना बसवलं, शांतता हवी म्हणून दार लावून घेतलं आणि म्हणाले, आता डोळे मिटा. सास्तूरच्या साठीतल्या बायकांना कोंडून वर डोळे मिटा म्हणायचं! दोन मिनिटांत आई ओरडत बाहेर आली. चपला तिथंच राहिल्या. तिच्यामागं आणखी दोघी निघाल्या. मी सरांना भर रस्त्यात नाही नाही ते बोललो. ते खाली मान घालून ऐकत राहिले, त्यानं तर मी अजूनच भडकलो.

पुढच्या बुधवारी ते त्या तिघींच्या घरी गेले. आमच्या दारात उभं राहून म्हणाले, "मावशी, चूक माझी. दार लावण्याआधी मी विचारायला पाहिजे होतं." भूकंपानंतर आमच्याकडं कितीतरी लोक आले. कुणी फॉर्म भरून घेतले, कुणी फोटो काढले. माफी मागायला आलेला हा पहिलाच. आई क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, "असू द्या सर. तुमाला काय ठावं? बसा, च्या टाकते." त्या दिवसापासून तिचं शिक्षण आमच्या ओसरीवर सुरू झालं.

डोळे उघडे ठेवून. सरांनी डोळे मिटण्याचं नाव परत काढलं नाही. आईला भीती वाटायला लागली की ते म्हणायचे, "मन हलतंय ना? हलू द्या. पाय कुठं हायेत ते सांगा." आई सांगायची, "फरशीवर." "फरशी कशी हाय?" "गार." एवढंच. मी कुत्सितपणे म्हणालो, "सर, यापेक्षा माझ्या दुकानातली गोळी स्वस्त पडेल." त्यांना राग आला नाही. "गोळीला माझी ना नाही, भाऊ. गरज पडली तर मीच डॉक्टरांकडं पाठवीन. पण गोळीनं झोप येते, भीती उशाशी तशीच उभी राहते." मग कधी नव्हे ते लांबलचक बोलले, "नुसतं ध्यानाला बसवलं तर जुनं सगळं एकदम अंगावर येतं. नुसतं बोलायला लावलं तर माणूस तेच ते बोलत राहतो. म्हणून थोडं बसायचं, थोडं बोलायचं. हे मला पण तुमच्या गावातच कळलं."

आई बोलली ती पाचव्या-सहाव्या बुधवारी. मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो. श्वास बघता बघता ती एकदम म्हणाली, "कडी म्याच लावली हुती." तीस वर्षांत हे तिनं मला सांगितलं नव्हतं, वडिलांना शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता सर म्हणतील, तुमचा काही दोष नाही. ते तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "कडी कशाला लावली होती, मावशी?"

"सुमी झोपंतनं उठून भाईर जायची. वट्यावरनं पडंल म्हून."

सरांनी श्वास घेतला, सावकाश सोडला. "म्हणजे तिला जपायला लावली होती."

आई रडली. पदर तोंडाला लावून नाही, मोकळ्या तोंडानं रडली. मीही रडलो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

त्यानंतर दाराची पाळी आली. लावणार आई, उघडणार आई, सर नुसते आत तिच्यासोबत बसणार. आधी अर्धं दार, मग एका श्वासापुरतं पूर्ण, मग पाच श्वास, मग वीस. शेवटी तोंडावर टॉवेल टाकून पडायची सवय, कारण ऑपरेशनमध्ये चेहरा झाकतात. ऑपरेशनच्या दिवशी सर बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसले होते. दार लागलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. त्यांनी माझा शर्ट धरून खाली बसवलं. वीस मिनिटांनी आई पट्टी बांधून बाहेर आली आणि म्हणाली, "आत लई गार हाय. येताना शाल घिऊन याया पायजे हुती." महिन्याभरानं दुसरा डोळाही झाला.

उन्हाळ्यात संस्थेचं आमच्याकडचं काम संपलं आणि सरांची नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात झाली. निरोप घ्यायला ते सकाळीच आले. अकराच्या जीपनं निघायचं होतं. ऑपरेशननंतर सरांचं आमच्याकडं येणं झालं नव्हतं, त्यामुळं आईनं आजवर त्यांना आवाजावरूनच ओळखलं होतं. तो आवाज असा की, माणसाला या जगात कसली चिंताच नसावी. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ चेहरा न्याहाळत राहिली.

"सर, तुमी झोपत न्हाईत व्हय?"

सर हसले, पण ते हसू टिकलं नाही. म्हणाले, "सगळ्या गावाचं ऐकलं ना मावशी. आता डोळा लागला की खाट हलते."

भूकंप झाला तेव्हा हा माणूस जेमतेम दोन वर्षांचा असेल, तोही तिकडं वाशीला. माझ्या तोंडात एका गोळीचं नाव आलं होतं, ते मी गिळलं. आईनं लिंबाखाली बाज टाकली, त्यावर गोधडी अंथरली. "पडा हितं. जीप दुसरी मिळंल."

"मावशी, सामान स्टँडवरच्या जीपमध्ये ठेवलंय..."

"पडा म्हणते ना. म्या बसते जवळ."

ते आडवे झाले. आई उशाशी पोतं टाकून बसली. अकराला जीप आली, तिनं दोनदा हॉर्न दिला. सरांचं सामान उतरवून घेऊन मी ड्रायव्हरला जा म्हणून खूण केली. दुकान उघडायला उशीर झाला होता, पण माझाही पाय निघेना. जवळ जाऊन बघितलं, तर आई त्यांच्या छातीकडं टक लावून बसली होती. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत्ता कुटं लागलाय डोळा."