दत्तदा आणि बटणांचं बिट

गुरुदत्त सबनीसचे वडील कलकत्त्यात भवानीपूरच्या शाळेत संस्कृत शिकवायचे आणि मुलगा खिदिरपुरात गॉगल लावून लोखंडावर गॅसची ज्योत धरायचा. नातेवाईक हळहळायचे. त्या हळहळीची गुरुदत्तला भयंकर चीड. एकदा मावशीच्या यजमानांनी भर पंगतीत विचारलं, "अरे, लोखंड जाळण्यात शिकण्यासारखं ते काय असतं?" तो भात तसाच टाकून उठला. "या एकदा बघायला," म्हणाला, "पण धोतर सांभाळून या."

शिकण्यासारखं पुष्कळ होतं. शरच्चंद्र पालित या बोअरिंग ठेकेदाराचं यार्ड गोदीच्या मागे होतं. त्याची ड्रिल मशीनं दूर पुरुलियाकडे खडकात पाण्याचे बोअर मारायची. मशीनच्या नळ्यांच्या टोकाला बिट असायचं. बिट म्हणजे तीन दातेरी शंकू, तोंडाला तोंड लावून बसलेले. वरून नळी फिरली की तेही आपापल्या जागी गरगरायचे आणि दगड फोडत खाली उतरायचे. पण पुरुलियाचा खडक असला खवट की पोलादी दात बघता बघता घासून गुळगुळीत व्हायचे. मग नळ्यांची सगळी माळ वर ओढायची, बिट बदलायचं, माळ पुन्हा खाली सोडायची. बोथट बिटं ट्रकमधून खिदिरपूरला यायची. गुरुदत्त आणि त्याचे सोबती त्यांवर कठीण धातूचे थर चढवून नवे दात उभे करायचे. दगड दात खायचा आणि हे लोक दगडावर जगायचे, असा सगळा मामला.

युनियनही त्यानेच उभी केली होती. बंगाली, बिहारी, ओडिया, सगळे त्याला दत्तदा म्हणायचे. १९७३ साल होतं. रोज कुठल्यातरी कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागल्याची बातमी यायची, त्यामुळे 'नवीन' हा शब्द ऐकला तरी माणसं दचकायची.

अशात उज्ज्वला नाडकर्णी यार्डात आली. सरकारच्या भूजल खात्यातली भूगर्भतज्ज्ञ, नागपूरहून बदलून आलेली. पायात कॅनव्हासचे बूट, सोबत लाकडी खोकी दोन. तिने एक उघडलं.

गुरुदत्तने आत डोकावून पाहिलं. "याला दात कुठायत?"

"दात नाहीत. बटणं आहेत. टंगस्टन कार्बाइडची."

शंकूंच्या अंगावर राखाडी गोल टोकं ओळीने बसवलेली होती.

"हे खरवडत नाही," ती म्हणाली. "दाबून दगडाचा चुरा करतं. पोलादी बिटाच्या कितीतरी पट टिकतं. सारखी माळ ओढायला नको. आणि बारीक होत जात नाही, त्यामुळे भोक खालपर्यंत एकसारखं पडतं."

"आणि बोथट झालं की?"

"झालं तर फेकायचं. त्याला थर लावता येत नाही."

त्याने खोक्याचं झाकण खटकन लावलं. मग शुद्ध मराठीत म्हणाला, "बाई, तुम्ही इतक्या गोड आवाजात आमच्या पोटावर पाय देताय, की ओरडावं कसं तेच कळेना."

"ओरडा ना," उज्ज्वला म्हणाली. "पण तिकडे बायका नदीची वाळू उकरून वाटीवाटीने पाणी भरतात. बिटं बोथट झाली म्हणून अर्धवट सोडलेले बोअर मी मोजून थकले. त्यांच्याकडूनही कुणी ओरडायला हवं की नको?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून गुरुदत्त जास्तच चिडला. दुपारी युनियनची सभा झाली. हे बिट ट्रकवर चढू द्यायचं नाही, असा सूर निघाला. टेबलावर मूठ आपटणाऱ्यांत तो पहिला होता. पण शेवटी तोच म्हणाला, "चालताना बघितल्याशिवाय मी कुणालाच शिवी देत नाही. आधी बघू. मग देऊ."

बघायचं कशावर? कलकत्त्याला खाली नुसता चिखल. कितीही खोल जा, खडक लागायचा नाही. मग गोदीच्या जुन्या धक्क्याचा निकामी झालेला ग्रॅनाइटचा भलामोठा चिरा आणला, यार्डात खड्डा खणून पुरला आणि चौफेर खडी ठासून बसवला. तिसऱ्या दिवशी दुपारी वर मशीनचा ट्रक उभा केला. पालितबाबू खुर्ची टाकून बसले.

बिट दगडाला लागलं आणि थोड्याच वेळात किंचाळायला लागलं. एक शंकू जागच्या जागी आवळला, फिरेचना. मशीन बंद करावं लागलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "बिलायती बिट, हाय हाय!"

उज्ज्वलाचा चेहरा उतरला. "असं होणं शक्य नाही," ती पुटपुटली.

गुरुदत्तने वाकून पाहिलं. आवळलेल्या शंकूच्या कडेला निळसर जांभळी झाक होती. दगडावर घासून असा रंग चढत नाही, ज्योतीने चढतो. एवढ्यात म्हातारे निताईदा त्याच्या कानाशी आले. यार्डातले सगळ्यांत जुने वेल्डर. नवं बिट बाहेर काढताना त्याला शेंदराचं बोट आणि कठीण धातूचा एक थर द्यायचा, ही त्यांनीच पाडलेली रीत.

"सकाळीच एक थर देऊन ठेवला होता मी," ते अभिमानाने म्हणाले. "पाहुण्याला उपाशी कसं पाठवायचं, दत्तदा?"

गुरुदत्तच्या लक्षात सगळं आलं. जुन्या बिटाला ज्योत सोसायची, याच्या शंकूतलं वंगण मात्र जळालं होतं, ते धरून ठेवणारं रबरी सील वितळलं होतं. बिट दगडाने मारलं नव्हतं, लाडाने मारलं होतं. आणि हे फक्त दोघांना ठाऊक होतं. तो गप्प बसला असता तर खोकी परत गेली असती, यार्ड पूर्वीसारखंच चाललं असतं. पोरांनी तर त्याला खांद्यावर उचललंसुद्धा.

"खाली ठेवा रे मला!" तो खेकसला. "कसला हाय हाय? याला आपणच भाजलंय. दुसरं खोकं उघडा."

"दत्तदा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?" श्यामसुंदर नावाचा फिटर ओरडला.

"तुझ्याच, गाढवा! पण मेलेल्या पैलवानाला चीत करून मी टाळ्या घेणार नाही."

निताईदांनी कान पकडले. गुरुदत्तने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतः मशीनवर चढला. उज्ज्वला खालून सांगत होती, "सावकाश फिरवा. भार जास्त द्या. घाई नको." या वेळी किंचाळी नव्हती, फुटाणे चावल्यासारखा एकसारखा आवाज येत होता. भोकातून दगडाचं पीठ पाण्याबरोबर वर येत राहिलं आणि बिट चिऱ्याच्या तळाशी जाऊन टेकलं. बाहेर काढून धुतलं तर बटणं जशीच्या तशी.

मग त्याने स्वतःच्या हाताने दात भरलेलं बिट शेजारी लावलं. तेही शहाण्यासारखं चाललं, पण निम्म्यावर दमलं. आणि भोक खाली खाली निमुळतं होत गेलेलं. गुरुदत्तने दोन्ही भोकांत हात घालून पाहिला. बराच वेळ हात आतच ठेवला.

"म्हणजे आपण संपलो?" निताईदांनी विचारलं.

"तुम्ही संपाल? तुम्ही तर बिट संपवता," गुरुदत्त म्हणाला. कोणीतरी हसलं. तो सरळ पालितबाबूंसमोर जाऊन उभा राहिला.

"बाबू, बिट घ्या. पण आता मशीन निम्मा वेळ नळ्या ओढत बसणार नाही, सारखं चालणार. दुसरी पाळी लागेल. ती पाळी या यार्डातली. बाहेरची माणसं आणलीत, तर बिट फाटकाबाहेर जाणार नाही."

"धमकी देतोस?"

"धंदा शिकवतोय."

पालितबाबूंनी उज्ज्वलाकडे पाहिलं. "इतकी कामं आहेत तुमच्याकडे?"

"गावं रांगेत उभी आहेत," ती म्हणाली. "मशीनं कमी पडतायत."

पालितबाबूंनी कपाळाला हात लावला. "पण यांना मशीन चालवता येतं कुठे?"

"मला तरी दुपारपर्यंत कुठे येत होतं?"

बाबू खुर्ची मागे सारून उठले. मग म्हणाले, "शिकव."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणं सुरू झालं. उज्ज्वला ऑफिसातून वेळ काढून यायची. पहिले उभे राहिले निताईदा. लिव्हरला आधी नमस्कार केला आणि मग इतका हलका भार दिला, की गुरुदत्त गरजला, "अहो, दगड आहे तो, जावई नाही! दाबा!" श्यामसुंदरने उलट अंगच टाकलं, त्याला ट्रकवरून खाली उतरवलं. एकेकजण चढत गेला, शिव्या खात गेला, आणि फुटाणे चावल्याचा तो आवाज एकेकाच्या हाताखाली उमटू लागला. आठवड्याभरात चिऱ्याची चाळण झाली.

पालितबाबू बघायला आले आणि कळवळले. "अरे, आता हा दगड भोक पाडायलाही उरला नाही!"

"मग दुसरा आणा," गुरुदत्त म्हणाला. "अजून चौघांचा हात बसायचाय."