देवीच्या आवारातली तापलेली फरशी

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास उडत चालला होता. दुष्काळात गावातली जनावरं चारा छावणीत गेली आणि सहकारी दूध संस्थेचं केंद्र बंद पडलं. तिथं सकाळ-संध्याकाळ उभ्यानं दूध मोजणारी मी घरात बसून राहिले. साखर वाढली, पाय बधिर झाले. चप्पल कधी निसटली तेही कळेना. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, "नसा वाचवायच्या असतील तर रोज चाला. पण बूट घालून." मी चालण्याचं तेवढं ऐकलं आणि शेवटचा उपाय म्हणून देवीला नवस बोलले: ऐन दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालीन, माझे पाय मला परत दे.

फरशी अशी तापायची की बाकीच्या बाया पळत सावली गाठायच्या. मला मात्र चटका बसत नव्हता. देवी पावली, असं समजून मी डोळे मिटून फेऱ्या घालत राहिले. बाया माझ्या पाया पडू लागल्या. खरं सांगते, मला ते आवडत होतं.

एके दुपारी टँकरवरून हंडा भरून निघालेली एक अनोळखी म्हातारी देवळाच्या दारात थांबली.

"अगं माय, थांब. फरशीवर रगत उमटायलंय. तुला कळंना का?"

खाली पाहिलं तर तळव्यांचं कातडं सोलून निघालं होतं. तिनं मला पायरीवर बसवलं आणि हंडा माझ्या पायांवर ओतला. टँकर पुन्हा कधी येईल, कुणालाच माहीत नव्हतं.

"चालायचं तर चाल की. पर अनवाणी कावून?"

पाणी वाहताना दिसत होतं, गार लागत नव्हतं. तेव्हा मी हंबरडा फोडला. माझे पाय मेले होते आणि मी त्यालाच कृपा समजत होते.

पायाची करंगळी कापावी लागली. जखमा भरल्यावर बूट घालून चालू लागले. बुटांनी आवारात जाता येत नाही, म्हणून लांबूनच कळसाला हात जोडते. म्हातारीला टँकरच्या रांगेत पुष्कळ शोधलं, कुणी ओळखत नव्हतं. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. पाऊस नाही, केंद्र बंदच आहे. देवीकडे काही मागायचंही सोडून दिलं. उठायचं, चालायचं, पाय धुऊन तळवे आरशात बघायचे. बाकी तिच्यावर.

परवा पाय धुताना उजव्या टाचेला गार लागलं. भास असेल म्हणून, एवढ्या टंचाईत, आणखी एक तांब्या भरून थोडं पाणी ओतलं. गारच होतं. डाव्या पायाला अजून काही कळत नाही. तांब्यातलं उरलेलं पाणी मी त्याच्यावर ओतलं आणि त्या म्हातारीला हात जोडले.