पोहायच्या मॅडम आणि कपातीची यादी

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पोहायला शिकले, आणि जिनं मला शिकवलं तिचंच नाव मला कपातीच्या यादीत टाइप करावं लागलं. नगरपरिषदेच्या आस्थापना विभागात मी लिपिक आहे. रस्ते, नळ, दिवे बाकीच्यांकडे; आमच्याकडे माणसं, तीही फायलीत.

गावातला जलतरण तलाव कित्येक वर्षं कोरडा होता. त्यात मुलं क्रिकेट खेळायची. मग निधी आला, फरशा बसल्या, पाणी भरलं आणि सकाळी सात ते आठ बायकांची वेळ ठरली. शिकवायला कंत्राटी पद्धतीनं घेतलेली मुलगी रिठदकडची. कमरेला दोर बांधून वडिलांनी विहिरीत सोडली होती, तेव्हापासून पोहणारी. पुढे रीतसर जीवरक्षकाची परीक्षा पास झालेली. आमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, तरी आम्ही सगळ्या तिला मॅडमच म्हणायचो.

आमच्यात कापड दुकानवाल्या एक जैन काकू होत्या, शाळामास्तरीणबाई होत्या, आणि बौद्ध वस्तीतली एक परिचारिका, जी नुकतीच नगरसेविका म्हणून निवडून आली होती. पहिले आठ दिवस मी कठडा सोडला नाही.

"ताई, पान्याशी कायले भांडता? आंग सोडा ना," मॅडम म्हणायची.

नवव्या दिवशी मी अंग सोडलं आणि तरंगले. ऑफिसात दिवसभर मी उगाचच हसत होते.

मग बजेटचे दिवस आले. सभेच्या विषयपत्रिकेवर दोन विषय लागोपाठ होते: बागेत संगीतावर नाचणारं रंगीत कारंजं, आणि पगाराचा खर्च वाढल्यामुळे तीन कंत्राटी माणसं कमी करणं. मुख्याधिकारी साहेब सरळ माणूस. म्हणाले, "वशिला नको, भानगड नको. जो शेवटी आला, तो आधी जाईल." नियम मलाही रास्त वाटला. मी तारखा लावल्या. सगळ्यात शेवटी मॅडम, तिच्या आधी एक शिपाई, त्याच्या आधी नळ दुरुस्त करणारा. यादी तयार.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरले तर बुडायला लागले. यादी गोपनीय होती, मला तोंड उघडता येत नव्हतं. मॅडमनं दंड धरून वर काढलं. "ताई, आज काय खिशात गोटे भरून आल्या का?"

दोन दिवसांनी यादी फलकावर लागली. तलावाच्या पायऱ्यांवर बायका जमल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी नोकर माणूस, मला काही बोलता येत नाही." पण नियमावली तर वाचता येते! ऑफिसात जाऊन मी ती काढली. प्रशिक्षित जीवरक्षक हजर नसेल तर तलाव उघडायचाच नाही, असं आपल्याच शिक्क्याखाली लिहिलेलं. कागद घेऊन मी साहेबांकडे गेले.

त्यांनी दोनदा वाचलं. "बरोबर आहे. हिचं नाव काढा. त्याऐवजी नळवाल्याच्या वरचं नाव घ्या."

वरचं नाव बागेतल्या माळीकाकांचं होतं. इतकी वर्षं त्याच टेबलावर बसून ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती: आकडा तीनच राहणार, म्हणजे एकाला वाचवलं की दुसरा आत येणार. आनंदानं आत गेले होते, बाहेर आले ती एका साठीला टेकलेल्या माणसाची नोकरी घालवून.

दुपारी मॅडम माझ्या टेबलाशी उभी. "मले ठेवून काकाले काढून राह्यले का? मंग माहंच नाव राहू द्या."

"अगं, सभा तर होऊ दे," मी म्हटलं.

सभेला बायकांनी मागच्या खुर्च्या भरून टाकल्या. मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात. एक ज्येष्ठ सभासद कारंज्यावर रंगून बोलले, "मंगरूळपीर, रिसोडची मानसं इथं फोटो काढाले आली पाह्यजे!" आमची नगरसेविका उठली. म्हणाली, कारंजं नको, माणसं ठेवा. लेखापालांनी तयारच ठेवलेलं उत्तर दिलं: कारंज्याचा निधी वेगळा, त्यातून पगार देता येत नाही. ज्येष्ठ सभासदांनी बाक वाजवला.

ती बसली नाही. "बसवाचा निधी वेगळा, समजलं. पन दरसाली त्याची देखभाल, वीज, मोटरा? ते कोन्या खात्यातून?"

लेखापालांनी पानं उलटली. पुन्हा उलटली. "ते... पगाराच्याच खात्यातून."

"म्हंजे मानसं काढून कारंजं पोसाचं?"

मागून जैन काकूंनी मोठ्यानं "वा!" म्हटलं आणि अध्यक्षांना घंटी वाजवावी लागली.

कारंजं पुढं ढकललं गेलं. देखभालीची तरतूद वाचली, त्यातून मॅडम आणि माळीकाका राहिले. यापुढे कमी करताना महिनाभर आधी नोटीस, आणि जागा निघाली की काढलेल्यालाच आधी बोलावणं, असाही ठराव झाला. बाकी दोघं मात्र गेले. त्यांच्यासाठी कुणी खुर्च्या भरल्या नव्हत्या.

नळवाल्याला गावात इतकी कामं मिळाली की आता नगरपरिषदेचा फोनसुद्धा तो तिसऱ्यांदा उचलतो. शिपायानं तहसीलसमोर चहाची गाडी लावली. हेडक्लार्क तिकडून जाताना मान वळवतात. मी एक दिवस धीर करून थांबले.

चहा पुढं करत तो म्हणाला, "म्याडम, नाव टाइप केलं त्याचा राग नाही. तुमचं कामच हाय. पन लेटर द्याले तरी सोता याचं होतं."

ते पत्र मी दुसऱ्याच्या हाती पाठवलं होतं. "चुकलंच माझं," मी म्हटलं. त्यानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेव्हापासून आस्थापनेतलं पत्र, कसलंही असो, मी स्वतः नेऊन देते. गेल्या आठवड्यात एकाची पदोन्नती होती. हातात लिफाफा घेऊन मला येताना पाहून त्यानं आधी खुर्चीच घट्ट धरली.