हुकूम दिला कुणी?

कुत्री शिकवायचा धंदा केला की पँटवर केस साठतात आणि डोक्यात किस्से. झटकले तरी जात नाहीत! मी आणि माझा पार्टनर राक्या, मुलुंडपासून वर्सोव्यापर्यंत घरोघरी जाऊन कुत्र्यांना 'बस, थांब, ये' शिकवतो. चार मित्र जमले की राक्या मला ढोसतो, "संद्या, सांग ना यार!" मग काय, सुरू.

*

मुलुंडचं एक जोडपं. आपसात मराठी, कुत्र्याशी मात्र कडक इंग्लिश! आम्ही सांगितलं होतं, आवाज ठाम हवा, एकदाच बोलायचं. मॅडमनी मन लावून प्रॅक्टिस केली. महिन्याभरानं गेलो तर ब्रूनो सोफा फाडतोय. तेवढ्यात साहेबांनी वेफर्सचं पाकीट उचललं. मॅडम कडाडल्या, "लीव्ह इट!"

साहेबांनी पाकीट खाली ठेवलं. ब्रूनोनं वळूनसुद्धा बघितलं नाही!

*

हसताय काय, सगळे किस्से असे नसतात.

बोरिवलीला जंगलाला लागून एक सोसायटी आहे. तिथला रॉकी 'बोल' म्हटलं की भुंकायचा, एकदम झकास. एका सकाळी मात्र तोंडच उघडेना. मी "बोल! बोल!" करतोय आणि हा माझ्या पायाला चिकटून थरथरतोय. मी वैतागलो. राक्या हळूच म्हणाला, "संद्या, आता तू पण बोलू नकोस. भिंतीवर बघ."

भिंतीवर बिबट्या बसला होता. आमचा क्लास बघत!

*

घाटकोपरची परी. कुत्रा आवाज ऐकतोय की आपले हात बघतोय, हे तपासायला आम्ही त्याच्या पाठीमागे उभं राहून हुकूम देतो. मी मागून म्हटलं, "बस." बसली. "झोप." आडवी झाली! मी खूश. मालकिणीला म्हटलं, "काय तिखट कान आहेत हो हिचे!"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, फोनवर सांगायचं राहिलं वाटतं. ती जन्मापासून ठार बहिरी आहे."

पुढच्या वेळी मी राक्याला पाठवलं.

*

अंधेरीचे एक साहेब ऑफिसात बसून कॅमेऱ्यावर घरातला कुत्रा बघायचे. एका संध्याकाळी त्यांचा फोन. "थँक्यू हं! दुपारी येऊन प्रॅक्टिस घेतलीत. 'थांब, थांब' म्हणत होतात, आवाज ऐकला मी. आणि काय थांबला तो, हललाच नाही!"

अख्खी दुपार मी डेंटिस्टकडे होतो. तोंडात कापूस! माझी जाम टरकली.

"पण काय हो," साहेब म्हणाले, "तुम्ही दिसत का नव्हता?"

*

आणि हा वर्सोव्याचा. हा सांगताना राक्या उठून बाहेर जातो.

कोळीवाड्यातल्या काशीदादांचा पहिला कुत्रा कुणीतरी विष घालून मारला होता. म्हणून दादांनी टायगरला पक्कं शिकवलं, मी 'जेव रे राजा' म्हटल्याशिवाय ताटाला तोंड लावायचं नाही. आणि एक दिवस दादा अचानक हार्ट अटॅकनं गेले. टायगरनं खाणंच सोडलं.

दादांच्या बायकोनं, हेमावहिनींनी, आम्हाला बोलावलं. त्या 'जेव रे राजा' म्हणून बघत होत्या, मी दादांचा आवाज काढून बघितला, फोनमधला त्यांचा जुना व्हॉईस मेसेजही लावला. टायगर फोनच्या मागे जाऊन दादांना शोधून आला आणि परत ताटासमोर बसला. सलाईनवर जगवत होतो. डॉक्टरांनी सांगितलं, आता पोटात अन्न गेलं नाही तर वाचणार नाही.

"माणूस गेला. आता हा पण जाणार काय रे?" वहिनी रडायला लागल्या. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू!

भर दुपार होती. अंगणात बोंबील वाळत होते. वहिनींनी शेवटचं म्हणून भात-मासळी कालवून ताट ठेवलं. आम्ही तिघंही गप्प. टायगर जमिनीकडे बघत पडला होता.

एकदम त्याचे कान उभे राहिले. त्यानं दाराकडे मान वर केली, माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी. दारात कुणी नव्हतं. शेपूट जमिनीवर आपटायला लागलं, आणि तो धडपडत उठून खायला लागला. ताट चाटूनपुसून साफ.

राक्यानं माझा हात घट्ट धरला.

वहिनींनी डोळे पुसले, मांडणीवरून दुसरं ताट काढलं आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "उभे कशाला? बसा, तुमचं पण वाढते."