भावाचा अमेरिकी पक्षी

भाऊबीजेला का येणार नाही, याचं कारण माझ्या धाकट्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी रिसीव्हर कानापासून दूर धरून नुसती त्या रिसीव्हरकडे बघत राहिले. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला समुद्रात काही लहान बेटं आहेत. तिथे एक पक्षी आला होता, आणि तो बघायला, त्याचा फोटो काढायला भाऊ निघाला होता.

"कुठला पक्षी?" मी विचारलं.

यलो-रम्प्ड वॉर्बलर, तो म्हणाला. मी शिकागोच्या एका उपनगरात, आमच्या स्वयंपाकघरात उभी होते. खिडकीबाहेर ज्युनिपरचं झुडूप होतं आणि त्याच्या निळसर फळांवर त्या क्षणी तेच पक्षी तुटून पडले होते. करडे, चिमणीपेक्षा लहान, शेपटीच्या वर लोण्याचा गोळा चिकटवल्यासारखा पिवळा ठिपका. दर ऑक्टोबरात दक्षिणेकडे जाताना त्यांचे थवे आमच्याकडे उतरत.

"अरे, ते इथे खिडकीत आहेत," मी म्हटलं. "आत्ता बसलेत."

"तिथले चालत नाहीत, ताई."

"चालत नाहीत म्हणजे?"

"मोजले जात नाहीत. ब्रिटनच्या जमिनीवर दिसला तरच ब्रिटनच्या यादीत येतो."

"आणि मी? मी येते का कुठल्या यादीत?"

तो हसला. "तू कुठे उडून चाललीयेस? भाऊजींना म्हणावं, रागावू नका. तिकीट कॅन्सल करतोय."

तो उत्तर इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होता. लग्न केलं नव्हतं. आम्हाला अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत तो एकदाही आला नव्हता, कारण त्याची सगळी रजा पक्ष्यांवर खर्च व्हायची. आईच्या दिवसांना साताऱ्यात भेटलो तेवढंच. ब्रिटनमध्ये त्याच्यासारखी माणसं बरीच होती. वादळाने भरकटलेला एखादा पक्षी कुठे उतरला की ही माणसं देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडी हाणत जात. बातमी कळण्याची त्यांची पद्धत तर मला खोटीच वाटली होती. कुठल्याशा किनाऱ्यावर एक छोटं खाण्याचं हॉटेल होतं. तिथल्या फोनवर सगळीकडून फोन येत. जो कोणी टेबलाशी जेवत बसलेला असेल तो घास बाजूला ठेवून फोन उचली आणि कुठे कुठला पक्षी आहे ते सांगी. माझा भाऊ, एम.बी.बी.एस., एफ.आर.सी.एस., त्या टेबलाशी अंडी खाता खाता अनोळखी लोकांना असं सांगत बसे.

दर वर्षी तो मला स्लाइड्स पाठवायचा. आम्ही त्या भिंतीवर टाकून बघायचो. ओली पानं, काटेरी कुंपण, आणि त्यात कुठेतरी एक ठिपका.

"याने झाडाचा फोटो काढलाय," माझे यजमान म्हणायचे. ते इंजिनियर, जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवणं त्यांना जड जायचं.

या वर्षी मात्र त्याने स्वतःहून कळवलं होतं की भाऊबीजेला येतो, पंधरा दिवस राहतो. दिवाळी लवकर, ऑक्टोबरातच आली होती. मी आमच्या गावच्या लायब्ररीत काम करायचे. तिथून रजा घेतली होती. शिकागोत देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर जाऊन चिवड्याचे पोहे आणि लाडवांसाठी रवा आणला होता. त्याची खोली लावून ठेवली होती, आणि फ्लाइटचा नंबर फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिला होता.

संध्याकाळी मी घरात सांगितलं.

"इथे फुकट दाखवतो म्हणावं," यजमान म्हणाले. "चहासकट."

"बट वी हॅव देम इन द यार्ड," आमची मुलगी म्हणाली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. "मामा इज सो वीअर्ड." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "तो पक्षी तिकडून परत कसा येणार?"

येत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी तिला म्हटलं, माहीत नाही.

पाडव्याच्या दिवशी सकाळी फोन वाजला. यजमान ऑफिसला निघण्याच्या तयारीत टाय बांधत होते, मुलगी शाळेत गेली होती. पलीकडे एक इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी नाव सांगितलं, ते मला भावाच्या पत्रांतून ओळखीचं होतं. ते शाळामास्तर होते आणि दोघं एका गाडीतून पक्षी बघत हिंडायचे. ते फार सावकाश बोलत होते. अपघात झाला होता. पहाटे भावाची गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. गाडीत तो एकटाच होता. बहुधा झोप लागली असावी. तो जागीच गेला.

"हो," मी म्हणाले. लायब्ररीत कुणी पुस्तक आहे का विचारल्यावर म्हणते तसं.

मग ते म्हणाले, "तुम्हाला हे कळायला हवं म्हणून सांगतो. त्याला पक्षी दिसला होता. अगदी जवळून, उन्हात. फोटोही मिळाले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नंतर कळलं की त्या लोकांत कुणी लांबून गाडी हाकत आलं की पहिला प्रश्न हाच असतो, दिसला का? न दिसता परत जाणं हे त्यांच्यातलं सगळ्यात मोठं दुःख. त्या बिचाऱ्या माणसाने आपल्याजवळ होतं त्यातलं सगळ्यात चांगलं मला दिलं होतं. पण तेव्हा मला वाटलं, भाऊ गेला, आणि हा मला पक्षी दिसला म्हणून सांगतोय.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "आमचा नंबर तुम्हाला कुठे मिळाला?"

"त्यानेच काल दिला. आम्ही बोटीने बेटावरून परत आलो तेव्हा. पुढच्या दोन आठवड्यांत काही दुर्मीळ आलं तर कळवायला."

"पण इथला कशाला?"

ते गोंधळले. "तो तुमच्याकडेच निघाला होता ना. मी म्हटलं, रात्रभर थांब, झोप काढ. तो म्हणाला, सकाळची फ्लाइट आहे, बहिणीने ओवाळायचं असतं, चुकवून चालत नाही. विमानतळाच्या रस्त्यावरच अपघात झाला. बॅग मागे डिकीत होती."

मी रिसीव्हर यजमानांच्या हातात दिला. ते बोलत होते, काही विचारत होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून होते, ते मला दिसत होतं. मी कॅलेंडरवरचा नंबर वाचत होते. त्याने तिकीट कॅन्सल केलंच नव्हतं. दार वाजवून समोर उभं राहायचं ठरवलं असणार. लहानपणीही त्याला असंच आवडायचं.

"मला ओहेरला जायचंय," फोन ठेवल्यावर मी म्हणाले.

"अगं, काय बोलतेस तू हे?"

"फ्लाइट दुपारी उतरेल. पोलिसांची चूक झाली असेल. गाडी दुसऱ्याच कुणी नेली असेल."

ते टाय सोडत म्हणाले, "कोट घाल. थंडी आहे."

विमानतळावर मी कठड्याला धरून उभी राहिले. यजमान एअरलाइनच्या काउंटरवर गेले. काचेचं दार उघडायचं, मिटायचं. ट्रॉल्या ढकलत माणसं बाहेर येत होती. आजी-आजोबा, विद्यार्थी, कडेवर झोपलेली मुलं. सावळा, चष्म्याचा, पस्तिशीचा माणूस दिसला की मी कठड्यावरून पुढे वाकायचे. असे पुष्कळ होते. यजमान परत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

गर्दी पातळ झाली. पायलट आणि हवाई सुंदऱ्या आपापल्या बॅगा ओढत गेल्या. जवळ एक गुजराती आजोबा हार घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कौन आ रहा है, बहन?"

"भाई," मी म्हणाले.

"फ्लाइट लेट है क्या?"

"नहीं. टाइम पर आयी."

"तो रुकिए," ते म्हणाले. "सामान में टाइम लगता है."

मी मान हलवली आणि थांबले.