उजव्या चाकाचा आवाज

शरद मोहोळकर. आई-वडील सोडले, तर माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार या माणसाचे आहेत, म्हणून आधी त्यांचं नाव लिहिलं. मूळचे इचलकरंजीचे. पन्नासेक वर्षांपूर्वी इंग्लंडला आले आणि लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये खाटा, ट्रॉल्या, व्हीलचेअर दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पाच आठवड्यांपूर्वी शरदकाका गेले. मी ऑफिसला निघालो होतो, लंडनच्या एजवेअर स्टेशनात शिरतच होतो, तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, मीराचा फोन आला. "दादा, बाबा गेले. पहाटे... झोपेतच. तू येशील ना?" मी आल्या पावली घरी परतलो. माझ्या बायकोला, वैशालीला, काही सांगण्याआधी मी दारापुढं उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. असं का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. पण आमची ओळख झाली ती या गाडीमुळं.

मी करमाळ्याचा. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एसटी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. घरातला पदवी मिळवणारा मी पहिला. माझी दहावीची आणि बारावीची मार्कशीट आबांनी लॅमिनेट करून दुकानात, टांगलेल्या ट्यूबांच्या शेजारी लावली होती. पंक्चर काढायला आलेला माणूस ती वाचल्याशिवाय सुटत नसे. पुढं पुण्यात शिकलो, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली, कंपनीनं लंडनला पाठवलं. आई गेली, आणि तिच्या पाठोपाठ आबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. काठी घेऊन घरातल्या घरात चालता येईल इतपत ते सुधारले, तेव्हा मी त्यांना व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आलो. मनात होतं, त्यांना सगळं दाखवायचं... आमची जुनी हॅचबॅक होती. पहिल्याच आठवड्यात स्टॅनमोरच्या एका दुकानाच्या कारपार्कमध्ये मी आणि वैशाली त्यांना काखेत धरून सीटवरून उचलत होतो, तेव्हा त्यांच्या पायजम्याची नाडी सुटली. चार लोक बघत होते. एकीनं भलेपणानं मदतीला हात पुढं केला, तो आबांना जास्तच लागला. घरी आल्यावर म्हणाले, "मला पोत्यासारखं उचलायचं न्हाई. मी आता हितनं हलत न्हाई."

आणि खरंच हलले नाहीत. मागच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची, समोर शेजाऱ्यांचं लाकडी कुंपण. जेवायला हाक मारली की येत, जेवून परत जात. एक महिना गेला, दुसरा गेला. माणूस सहा महिन्यांसाठी आलेला, आणि त्याचे दिवस कुंपण बघण्यात चाललेले. हळूहळू बोलणंही कमी झालं. मला भीती वाटायला लागली की मी आबांना करमाळ्याहून इथं आणून एका खोलीत ठेवलं, एवढंच माझ्या हातून होणार.

तेव्हा मला कळलं की जपानमध्ये एक फॅमिली वॅगन मिळते, तिची पुढची सीट बटण दाबलं की दाराकडे वळते, बाहेर येते आणि खुर्चीइतकी खाली उतरते. माणसानं नुसतं टेकायचं. कुणी उचलायचं नाही. अशा वापरलेल्या गाड्या बोटीनं इंग्लंडला येतात, आणि त्या चालवणाऱ्यांचा एक क्लबही आहे. त्या क्लबात एक रीत आहे: कुणी गाडी घेणार असेल, तर त्या भागात राहणारा सभासद जाऊन, जमिनीला पाठ टेकून, ती खालून बघून येतो. ओळख असो वा नसो. मोबदला म्हणजे कधीतरी एक कप चहा.

मी काय केलं, तर आधी गाडी घेतली आणि मग क्लबला विचारलं. कारण गाडीसोबत जपानमधल्या लिलावाचा कागद होता आणि त्यावर परीक्षकानं पाचांपैकी साडेचार गुण दिले होते. आमच्या घरात मार्कशीटवर अविश्वास दाखवायची पद्धतच नव्हती. गाडी लीड्सजवळच्या एका विक्रेत्याकडं उभी होती. कुणीतरी बघावं, छान आहे म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

दोन दिवसांनी फोन आला. "कोण, संतोष का? मी शरद मोहोळकर, लीड्सहून. आडनावावरनं वाटलंच मराठी असणार. ऐक, ही घेऊ नकोस. खालनं संपलीय ती. दाराखालच्या पत्र्यावर ताजा काळा रंग मारलाय, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला."

"पण काका, तिला साडेचार मार्क आहेत."

"कागदावरचं वर्ष बघितलंस का? जपान सोडतानाचे मार्क आहेत ते. त्यानंतर तिनं आठ हिवाळे इथल्या रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ खाल्लंय. दहावीचं मार्कशीट बघून म्हाताऱ्याला पोलिसात घेतोस होय रे?"

माझ्या तोंडून नुसतं "अरे देवा" निघालं. त्यांनी ओळखलं. "घेतलीस वाटतं."

"हो."

"शाबास. एवढी शिकलेली पोरं तुम्ही..." आणि मग आवाज खाली आणून, "कशाला हवी होती रे?"

कुणालाच न सांगितलेली ती कारपार्कमधली गोष्ट मी त्या अनोळखी माणसाला सांगितली. नाडीसकट. त्यांनी ती पुरी ऐकून घेतली. मग म्हणाले, "गाडी माझ्या गॅरेजला आणून टाकायला सांग. शनिवारी ये. कपडे जुने घाल, ऑफिसचे घालून आलास तर परत पाठवीन."

पुढचे चार शनिवार मी लीड्सला जात होतो. काका सत्तरी ओलांडलेले, बारीक अंगाचे, चष्म्याच्या एका काडीला चिकटपट्टी लावलेली. ते गंजका पत्रा कापायचे, नवा तुकडा बसवून वेल्डिंग करायचे. मी तारेच्या ब्रशनं घासायचो आणि दिवा धरायचो. दिवा हलला की "सॉफ्टवेअरवाले, इकडे उजेड, इकडे!" मध्येच क्लबातले ब्रायन नावाचे निवृत्त पोस्टमन यायचे, खाली वाकून बघायचे, आणि काकांना म्हणायचे, "शरद, तू गाडी दुरुस्त करतोयस की नवी बनवतोयस?" मी कधी आभार मानायला लागलो की काकांचं एकच उत्तर, "चहा ठेव." काम करताना ते मला आबांबद्दल विचारत राहायचे. दुकान केवढं होतं? मडगार्ड सरळ करायला काय वापरायचे? वाकडं चाक फिरवून त्याचा आउट काढायचे का स्वतः? मला निम्मी उत्तरं देता यायची नाहीत. ज्या दुकानाच्या जिवावर शिकलो, त्या दुकानात मी बसायचो ते पुस्तकात तोंड घालून.

पाचव्या शनिवारी आम्ही दोघं गाडी घेऊन एजवेअरला आलो. मी सीटची जादू दाखवायला उतावीळ झालो होतो. आबांना बोलवायला निघालो, तर काकांनी माझा दंड धरला. "तू थांब." ते एकटे खोलीत गेले. मी दारात उभा होतो, म्हणून ऐकलं. "आबा, नमस्कार. मी शरद मोहोळकर, इचलकरंजीचा. पोराच्या गाडीला एक आवाज येतोय. माझे कान आता गेलेत, मला काही लागेना. तुम्ही जरा ऐकता का?"

आबांनी खिडकीवरची नजर काढली. मग विचारलं, "कसला आवाज? घुमतोय का घासतोय?"

"तेच तर कळंना झालंय."

आबांनी काठी उचलली.

सीट बाहेर आली, खाली उतरली. आबा आपले आपण टेकले, आपल्या हातानं पाय आत घेतले. त्याचं त्यांना काही कौतुकच नव्हतं, लक्ष सगळं आवाजाकडं. मी किल्ली फिरवली तशी गाडीतली जपानी बाई गोड आवाजात काहीतरी बोलली. खरं तर टोलचं कार्ड घातलेलं नाही, अशी तिची तक्रार असते. आबांनी विचारलं, "काय म्हणती?" काका मागून म्हणाले, "या, बसा म्हणतीय." आबांनी तिला मान लववून नमस्कार केला. दुसऱ्या राउंडअबाउटवर त्यांनी हात वर केला. "डावीकडं वळलं की घुमणं वाढतंय. म्हंजे भार येतोय ते उजवं. पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय."

काकांनी कपाळावर हात मारला. "मोहोळकर, आता रिटायर व्हा!" आबा हसले. किती आठवड्यांनी हसले ते मला ठाऊक आहे.

घरी आल्यावर मी पाना काढायला डिकी उघडली. कोपऱ्यात गोणपाटाखाली एक नवं कोरं खोकं होतं. त्यात बेअरिंग होतं, पुढच्या उजव्या चाकाचं. मी मागं वळलो तर काका उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "चल रे, पार्ट आणायला जाऊ."

त्यानंतर आबा खोलीत राहिलेच नाहीत. समुद्र बघितला, कालवे बघितले. यॉर्कशायरमध्ये क्लबाचा मेळावा भरला, तेव्हा एका गार्डन सेंटरच्या आवारात ते बाहेर काढलेल्या सीटवर पाटलासारखे बसले होते आणि सभासद आपापली गाडी त्यांच्यापुढून हळू नेत होते. काका दुभाषे. ब्रायनच्या गाडीला आबांनी 'सायलेन्सर ढिला' असा निकाल दिला आणि तो खरा निघाला. त्या दिवसापासून ब्रायन त्यांना 'डॉक्टर' म्हणायला लागले. मुदत संपली तेव्हा विमानतळावर आबा आणि शरदकाका एकमेकांचा हात धरून नुसते उभे होते. दोन्ही हात काळे, नखांत कायमचं वंगण बसलेलं.

यंदाच्या हिवाळ्यात काकांच्या फुप्फुसांनी दगा दिला. आयुष्यभर ज्या खाटा दुरुस्त केल्या तसल्याच एका खाटेवर ते पडून होते. मी दोनदा जाऊन आलो. मग वाटलं, समोरासमोर ते काही बोलू देणार नाहीत, आपण लिहावं. मराठीत, हातानं लिहिलेलं पत्र पाठवलं. ते त्यांना मिळालं की नाही, हे विचारायचं धाडस झालं नाही...

गेल्या आठवड्यात मीराचा फोन आला. "दादा, बाबांचं पेपर्स काढत होते. तुझा लेटर मिळाला, त्यांच्या चष्म्याच्या केसमध्ये. फोल्ड करून करून एकदम सॉफ्ट झालाय. मला वाचता येत नाही ना... काय लिहिलंस तू त्यांना?" मराठी बोलते ती, पण अक्षरओळख नाही. तिनं फोटो पाठवला आणि मी ते पत्र फोनवर वाचायला लागलो. निम्म्यावर मी फोन वैशालीच्या हातात दिला, तिनं पुरं केलं. ज्यांनी काकांना पाहिलं नाही त्यांना ते कसे होते हे माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा त्या पत्रावरून जास्त कळेल असं वाटतं, म्हणून ते इथं देतो.

ती. शरदकाकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धाप लागते म्हणून लिहितो आहे. मराठी अक्षर वाचून तुम्हाला पुष्कळ वर्षं झाली असतील. सावकाश लावा.

गेल्या रविवारी आबांशी बोलत होतो. बेअरिंगचा विषय निघाला. ते म्हणाले, "मोहोळकरला ते आधीच म्हाइत होतं. मी बसताना त्याची नजर उजव्या चाकावर होती. माझ्यासाठी ठेवलं होतं त्यानं." मी म्हटलं, मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत? तर म्हणाले, "एवढ्या लांबनं माणूस आला. त्याचं मन कशाला मोडायचं?"

काका, आबांना खोलीतून बाहेर काढायला मी सीट शोधत बसलो होतो. त्यांना काम द्यावं हे मला इतकं शिकून सुचलं नाही. लहानपणी शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं मी 'धंदा' एवढंच लिहायचो, सायकलचं लिहायचो नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही दिवा धरायला लावून मला त्या दुकानाबद्दल विचारत होता, तेव्हा मला त्या लपवण्याची लाज वाटत होती. आता ब्रायनला, ऑफिसात, सगळ्यांना सांगतो.

आबा पुन्हा दुकानात बसायला लागलेत. चुलतभाऊ चाक फिरवतो, आबा ऐकतात. तुम्ही कसे आहात असं विचारत होते. दुरुस्तीसाठी वर्कशॉपला लागलेत, म्हणून सांगितलं. त्यावर त्यांनी निरोप दिलाय, जसा आहे तसा लिहितो: लई दिवस एका जागी ऱ्हाऊ नका म्हणावं. उभ्या गाडीचे टायर बसतात.

तुमचा,
संतोष