ध्रुवयानाची भिंत हललीच पाहिजे

जगात निर्दोष वस्तू नसते, हे मला कुठल्या संतांनी नाही, आमच्या साडूंनी शिकवलं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. धायरीत राहतात. यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी काढलेले नकाशे तपासले, आणि निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने घड्याळ भेट दिलं तेव्हा ते दीड मिनिट मागे असल्याचं आभाराच्या भाषणातच सांगून टाकलं. नोकरी सुटली, पण खिशातली लाल पेन्सिल सुटली नाही. घरी लग्नपत्रिका आली की आधी तपासली जाते आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरतं. हॉटेलात गेलं की वेटर पाणी आणेपर्यंत मेनू कार्डावर चार लाल गोल झालेले असतात. मी फ्लॅट घेतला तेव्हा हौसेने त्यांना नकाशा दाखवायला नेला, ही माझीच अवदसा. दीड तास भिंगातून बघून म्हणाले, "न्हाणीघराचं दार उघडं असताना स्वयंपाकघराचं उघडणार नाही." मी म्हटलं, "अहो, बिल्डरने असे शंभर फ्लॅट बांधलेत." "मग शंभर जण अडकतील," ते शांतपणे म्हणाले. राहायला गेलो त्याच दिवशी आमची ही स्वयंपाकघरात अडकली आणि आतून मलाच बोलली.

बरं, इतकं तपासून माणसाने शेवटी 'ठीक आहे' म्हणावं की नाही? नाव नको. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. तिच्यात एका रकान्यात 'काढले' आणि दुसऱ्यात 'तपासले' लिहून ज्याने त्याने सही करायची. कारखान्याबाहेर या गृहस्थाने त्या 'तपासले'पुढे कधी सही केलेली नाही. माझ्या फ्लॅटच्या नकाशावर सगळ्या चुका दाखवून झाल्यावर मी गमतीने म्हटलं, "आता करून टाका सही." तर म्हणाले, "सही म्हणजे उद्या हे पडलं तर जबाबदार मी. तुमच्या बिल्डरपायी तुरुंगात कोण जाईल? धायरीहून येरवडा फार लांब पडतं आम्हाला." मी नकाशा गुंडाळला आणि चहा न घेताच निघालो.

अशा या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट बिनचूक वाटत आली, ती म्हणजे 'ध्रुवयान'. नव्या वाचकांसाठी सांगतो. रंगीत टीव्ही नुकता घरोघरी आला होता तेव्हा रविवारी सकाळी ही अंतराळातल्या यानाची मालिका लागायची. यान म्हणजे थर्माकोल, चांदीचा कागद आणि कुकरच्या शिट्ट्या. कप्तान चिडला की यानाचं दार आपटायचा, आणि त्याने दार आपटलं की अख्खी भिंत थरथरायची. आम्ही सगळे पोट धरून हसायचो. साडू हसायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, यान प्रचंड वेगात आहे, मग भिंत हलणारच. रेल्वेच्या डब्याची हलत नाही का? त्यांनी सगळे भाग टेपांवर उतरवून घेतले, आणि दर मे महिन्यात आम्ही दोघं नोकरीवर असताना आमची मुक्ता त्यांच्या घरी राहायची तेव्हा काका-भाची आंब्याचे हात पुसत पुसत तेच भाग पुन्हा पुन्हा बघत. मी न्यायला गेलो की पोरगी रडायची. यान संकटात असताना बापाने घरी न्यायला येऊ नये, असं साडूंनी मला एकदा स्पष्ट सुनावलंसुद्धा होतं.

पुढे टेपांना बुरशी लागली, टेप लावायचं मशीनही बिघडलं, आणि आता 'ध्रुवयान' कुठेही बघायला मिळत नाही. म्हणजे ते फक्त आमच्या साडूंच्या आणि माझ्या मुलीच्या डोक्यात शिल्लक होतं. त्यात मुक्ता निघाली चित्रकार. मालिका लिहिणाऱ्यांच्या घरच्यांची रीतसर परवानगी काढून एका प्रकाशकाने 'ध्रुवयान'ची चित्रकथा काढायची ठरवली, मुक्ताने त्यासाठी आयटीतली चांगली नोकरी सोडली (त्याबद्दल मी इथे काही बोलणार नाही, घरी भरपूर बोललोय), वर्षभर पाठ मोडून चित्रं काढली आणि पहिलं पुस्तक बाहेर आलं. प्रकाशक खूश. दुसरा भाग काढणार का, ते महिनाअखेर सांगा म्हणाला. कोणीही उडी मारून हो म्हटलं असतं. आमची बाई म्हणाली, "काकांना बघू दे आधी. त्यांना ते ध्रुवयान वाटलं नाही, तर मी दुसरा भाग काढणार नाही. पुन्हा नोकरी बघेन."

मी कपाळावर हात मारला. अगं, पुण्यात चाळीस लाख माणसं असताना तुला मत विचारायला हाच माणूस सापडला? पण ती तिच्या काकांच्या वळणावर गेलेली. ऐकते कसली.

पुस्तक धायरीला पोचलं. पहिला आठवडा गेला, काही नाही. मी फोन केला, "वाचलंत का?" म्हणाले, "तपासतोय." दुसरा आठवडा गेला. मुक्ता जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायला लागली. मी पुन्हा फोन केला, "अहो, लहान मुलं तासाभरात वाचतात ते." "म्हणूनच ती लहान आहेत," असं म्हणून त्यांनी ठेवलासुद्धा. महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा मीच मुक्ताला घेऊन धायरीला जाऊन धडकलो. ताईंनी, म्हणजे हिच्या बहिणीने, शिरा दिला. साडूंनी पुस्तक आणलं, चष्मा पुसला आणि म्हणाले,

"एकशे चौदा."

"काय एकशे चौदा?" मी विचारलं.

"चुका."

मी शिऱ्याची बशी खाली ठेवली. मुक्ताने मात्र वही काढली. मग सुरू झालं. पान चारवर लाल बटण खालच्या ओळीत हवं. पान नऊवर कप्तानाच्या उजव्या खांद्यावरची शिवण उसवलेली नाही, ती आठव्या भागापासून उसवलेली होती. इंजिनखोलीतली बाई डावखुरी. तासभर हेच. शेवटी मुक्ताने अगदी बारीक आवाजात विचारलं, "काका, सगळ्यात मोठी चूक कुठली?"

"भिंत," साडू म्हणाले. "कप्तान दार आपटतोय आणि तुझी भिंत ढिम्म. मुळात यानच तू फार भारी काढलंयस. इतकं भारी यान परवडणारी माणसं नव्हती ती."

"अहो, थर्माकोलची होती म्हणून हलायची ती भिंत!" मी ओरडलो.

"तुमच्यासाठी थर्माकोल. भिंत हलत नाही म्हणजे यान बंद आहे. बंद यानात बसून ही माणसं अठ्ठेचाळीस पानं काय करतायत?"

मग मात्र माझा तोल गेला. जे वीस वर्षं बोललो नव्हतो ते सगळं बोललो. पोरीने नोकरी सोडली, वर्षभर मान मोडली, तुमच्या एका शब्दासाठी ती पंधरा दिवस धड जेवली नाही, आणि तुम्ही शिवणी मोजताय? एक चांगला शब्द काढला असता तर तुमची पेन्सिल झिजली असती का? ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. साडूंनी पुस्तक मिटलं, मुक्ताच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाले, "शेवटपर्यंत बघ." आम्ही निघालो. सिंहगड रोडवर नेहमीसारखी गर्दी तुंबलेली, आणि स्कूटरवर माझ्या मागे बसलेल्या मुलीने पुस्तक पिशवीत कोंबून पिशवीची गाठ मारली. मला वाटलं, संपलं. आता ही पुन्हा कुठल्यातरी कंपनीत जाऊन बसणार, आणि जन्मात कधी या माणसाची पायरी चढायची नाही, असं मी दांडेकर पुलाच्या सिग्नलला मनाशी पक्कं केलं.

घरी आल्यावर तिने पुस्तक पुन्हा उघडलं. मीही शेजारी बसलो, रागाने का होईना. पानापानावर लाल खुणा, बाण, त्यांचं ते छापल्यासारखं अक्षर. पण शेवटच्या पाच-सहा पानांवर खुणा विरळ झाल्या होत्या. ही पानं मालिकेच्या ज्या भागावरून काढली होती, त्याची टेप सगळ्यांच्या आधी गेली होती. एका चित्राजवळ त्यांनी काहीतरी लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, "इथे बहुधा हिरवा दिवा होता. नक्की आठवत नाही. मुक्ताला आठवेल तसे ठेवावे."

बहुधा! या माणसाच्या तोंडून 'बहुधा' मी जन्मात ऐकला नव्हता. माझा राग तिथेच विरला, आणि खरं सांगतो, गलबलून आलं. आम्ही त्यांना हसत राहिलो, आणि ते बिचारे पंधरा दिवस भिंग घेऊन, हातातून निसटत चाललेलं एकेक बटण, एकेक शिवण आठवून आठवून या पोरीच्या हवाली करत होते.

मुक्ताने शेवटचं पान उलटलं. उजव्या कोपऱ्यात खाली पट्टी धरून आखलेली चौकट होती. 'काढले' पुढे मुक्ताचं पूर्ण नाव. 'तपासले' पुढे त्यांची सही, खाली तारीख. तारीख चार दिवसांपूर्वीची होती.

ती सही बघून मुक्ता लहानपणी रडायची तशी रडली. संध्याकाळी तिने प्रकाशकाला हो कळवलं. मी साडूंना फोन लावला, माफी मागायची म्हणून बरीच जुळवाजुळव केली होती. "साडूबुवा, मी जरा जास्तच बोललो," एवढं म्हणतोय तोवर पलीकडून आलं, "मधल्या पानावरची पिन तिरकी बसलीय, छापखान्याला कळवा." आणि फोन बंद. सही चार दिवस आधी करून ठेवली होती तर सांगायला काय झालं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

परवा मुक्ताने दुसऱ्या भागाचं पहिलं पान काढलं आणि आम्ही ते घेऊन धायरीला गेलो. कप्तान चिडलाय, दार आपटलंय, आणि दाराशेजारच्या भिंतीवर तिने तीन बारीक नागमोडी रेघा काढल्यात. साडूंनी भिंग धरलं. हल्ली त्यांचा हात थोडा कापतो, त्यामुळे भिंगही कापत होतं. बराच वेळ बघितलं. लाल पेन्सिल खिशातच राहिली.

"हां," ते म्हणाले, "आता चाललं यान."